चाकांमधलं अंतर, पंख्याचं वर्तुळ आणि शेपटीजवळचा नंबर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आजोबांच्या फोटोमागे ‘स्पिटफायर, बर्मा, १९४४’ असं लिहिलंय, तर त्यातलं विमान खरंच स्पिटफायर आहे का? दादरला राहून अशी जुनी लढाऊ विमानं कुठे आणि कशी टिपता येतील? आणि तुमच्याकडच्या १८-५५ आणि ७०-३०० या दोन लेन्सवर भागेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’. ते आधीच देऊन टाकतो, म्हणजे घरात नव्या लेन्सच्या खर्चावरून होणारा वाद टळेल.

आता फोटो. आजोबा चाकाशेजारी उकिडवे बसलेत, हातात पाना आहे, आणि विमानाचं नाक चौकटीबाहेर गेलंय. नाक दिसत नाही म्हणून हळहळू नका, चाकं दिसताहेत ना! स्पिटफायरचे पाय पोटाला लागून असतात आणि उडाल्यावर बाहेरच्या दिशेला, पंखांच्या टोकांकडे दुमडतात. त्यामुळे जमिनीवर त्याची चाकं जवळजवळ येतात आणि विमान जरा डुगडुगतं वाटतं. हरिकेनचं उलट. त्याचे पाय पंखांवर दूरदूर बसवलेले असतात आणि आत, पोटाकडे मिटतात. तुमच्या फोटोत दोन चाकांमध्ये खाट टाकून झोपता येईल एवढी जागा आहे. त्या जागेत पोटाखाली एक खोकं लटकतंय, तो रेडिएटर. स्पिटफायरचा रेडिएटर पंखाखाली असतो. शिवाय मागच्या धडावर लांबच्या लांब रेषा उमटल्या आहेत, अशक्त माणसाच्या बरगड्या दिसाव्यात तशा. हरिकेनचं मागचं धड कापडाने मढवलेलं असे आणि आतल्या पट्ट्या कापडावर अशा उठून दिसत. तेव्हा हे हरिकेन आहे, त्यात शंका नाही.

आजोबांनी थाप मारली, असं मात्र समजू नका. ती ओळ बहुधा मागाहून घरातल्याच कोणीतरी लिहिली असेल. जसं आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप डालडा आणि कुठलीही नक्कल झेरॉक्स, तसं महायुद्धानंतर प्रत्येक घरातलं विमान स्पिटफायर झालं. हरिकेनच्या वाट्याला नाव कमी आलं, कष्ट जास्त आले. १९४४ मध्ये बर्माच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या कामाचा मोठा भार हरिकेनवरच होता. जपान्यांनी इंफाळला वेढा घातला, तेव्हा तिथे आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, हरिकेन घेऊन उडत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग. पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दलप्रमुख असलेले, तेच हे. आराकानच्या बाजूला सहावी स्क्वाड्रन मेहर सिंग यांच्या हाताखाली होती, तीही हरिकेनचीच. या दोन्ही स्क्वाड्रनांचं मुख्य काम टेहळणीचं. झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, खाली काय हालचाल आहे ते बघायचं, फोटो काढायचे आणि जिवंत परत यायचं. म्हणजे तुमचे आजोबा ज्या विमानाचे नट आवळत होते, तेही कदाचित कॅमेरा घेऊन उडणारं विमान असेल. हे तुम्हाला आवडेल, म्हणून सांगितलं.

तुमच्या फोटोत आणखी एक पुरावा आहे, धडावरच्या गोल चिन्हात. ब्रिटिश विमानांच्या गोलात मधोमध लाल ठिपका असायचा. जपानी विमानांवर लाल सूर्य. जंगलावरून भरधाव जाणारं विमान बघणाऱ्याला तेवढा लाल रंग दिसला की तो गोळी झाडून मोकळा. म्हणून १९४२ मध्ये पूर्वेकडच्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला. कृष्णधवल फोटोत लाल ठिपका काळपट येतो. तुमच्या फोटोत गोलाचा मध्य फिकट आहे, म्हणजे फोटो १९४२ च्या मध्यानंतरचा आणि आपल्याच आघाडीवरचा. मागे लिहिलेल्या ओळीतलं ‘बर्मा, १९४४’ त्यामुळे पटण्यासारखं आहे. चुकलंय ते फक्त विमानाचं नाव.

एवढं लांबण लावलं, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जुन्या विमानाचा फोटो काढायचा म्हणजे पुढच्या माणसाला तो असा वाचता आला पाहिजे. ज्याने तुमच्या आजोबांचा फोटो काढला, त्याने नकळत चाकं, रेडिएटर, कापड आणि गोल, सगळं चौकटीत घेतलं. नुसतं ऐटबाज नाक घेतलं असतं, तर आज मी एवढं सांगू शकलो नसतो.

मुंबईत सुरुवात वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रापासून करा. महालक्ष्मी स्टेशनला उतरलात की जवळच आहे. तिथे उघड्यावर एक एचएफ-२४ मरुत उभं आहे. तुम्ही म्हणाल, हे तर जेट, महायुद्धाशी याचा काय संबंध? संबंध आहे. मरुतचा आराखडा कुर्ट टँक यांचा. जर्मनीचं फॉके-वुल्फ १९० हे महायुद्धातलं गाजलेलं लढाऊ विमान त्यांनीच घडवलं होतं. युद्ध हरल्यावर ते आधी अर्जेंटिनात गेले आणि मग बंगळुरूला आले. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या देखरेखीखाली मरुत तयार झालं आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. एकूण १४७ बनली. मनाजोगतं इंजिन काही मिळालं नाही, ही मरुतची जन्मभराची व्यथा. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं हे विमान ऑर्फियसच्या दोन इंजिनांवर जेमतेम आवाजाच्या वेगापर्यंत पोहोचायचं. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर दहाव्या आणि २२० व्या स्क्वाड्रनच्या मरुतांनी जमिनीलगत उडून चोख काम केलं, आणि ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मरुतमधून पाकिस्तानचं एक सेबर जेट पाडलं. हवेतल्या झुंजीत एकही मरुत पडलं नाही.

आता हे सगळं फोटोत कसं आणायचं? पहिल्यांदा विमानापासून लांब जा. सगळे नेमकी इथेच चूक करतात. १८ मिलिमीटरला लावून नाकाशी उभं राहिलं की नाक भोपळ्याएवढं आणि शेपटी सुपारीएवढी येते. मागे सरका, ५० च्या पुढे लावा, जागा असेल तर ७०-३०० ची सत्तरची बाजू वापरा. मरुतची कंबर आत गेलेली आहे. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून धड पंखांपाशी मुद्दाम आवळलेलं असतं. ही कंबर समोरून दिसत नाही. थोडं वरून आणि पाऊण कोनातून बघितलं तरच कळते. आसपास पायरी, कट्टा, काही मिळतंय का बघा. नाहीतर कॅमेरा एकपायी दांड्यावर चढवून डोक्यावर धरा आणि टायमर लावा. लोक हसतील, हसू दे.

पूर्ण विमानाचे दोन-तीन फोटो झाले की जवळ जा. नाकातली चार तोफांची भोकं, दोन्ही बाजूंची हवा घेणारी तोंडं, इंजिनांच्या मागच्या नळ्या, चाकांच्या कप्प्यांची दारं, रिव्हेटांच्या ओळी आणि जिथे पत्र्यावर पत्रा ठोकलाय ती ठिगळं. ठिगळं तर नक्कीच टिपा. नवा रंग दर काही वर्षांनी चढतो आणि त्याखाली बरंच काही झाकलं जातं. ठिगळ मात्र रंगातूनही दिसतं.

उजेडाबद्दल मुंबईकरांना मी एक सल्ला देतो, तो बाहेरच्यांना विचित्र वाटतो. पावसाळ्यात जा. भर उन्हात धातूवर पांढरे डाग पडतात आणि पोटाखाली काळाकुट्ट अंधार. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दुपारी तोच पत्रा मऊ, एकसारख्या उजेडात न्हाऊन निघतो आणि ओल्या जमिनीचा परावर्तित उजेड पोटाखालीही पोहोचतो. कोरा धातू असेल तर एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. आणि पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, लावलात तर कॅनॉपीकडे, वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाकडे, लक्ष द्या. तिच्या पर्स्पेक्सवर, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकवर, इंद्रधनुष्यासारखे चट्टे उमटतात. पोलरायझर फिरवून ते कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत. अशा वेळी तो सरळ काढून ठेवा.

मरुत पुरेसं टिपून झालं की पुढचा टप्पा गोवा. दाभोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सीहॉक, अलिझे, सी हॅरियर, सुपर कॉन्स्टेलेशन अशी मंडळी तिथे उघड्यावर मांडली आहेत. समुद्राची हवा आणि ती विमानं यांची झटापट चालूच असते, त्यामुळे जमेल तितक्या लवकर जा. दिल्लीच्या पालम संग्रहालयात मात्र तुमच्या आजोबांच्या पिढीची खरी गर्दी आहे: वापिटी, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट, लिबरेटर, आणि जपान्यांचं आत्मघाती ओहकासुद्धा. तिथल्या हरिकेनसमोर उकिडवे बसून आजोबांच्या फोटोतला कोन जुळवून बघा. तो एक फोटो इतर शंभर फोटोंना भारी पडेल.

लायसँडरसमोरही जरा रेंगाळा, कारण ती आपल्या गावाची गोष्ट आहे. १९४१ मध्ये पहिल्या स्क्वाड्रनला जी लायसँडर मिळाली, ती मुंबईच्या युद्धनिधीतून, म्हणजे इथल्या लोकांच्या वर्गणीतून आली होती. ती मुळात तोफखान्याला निशाणं दाखवण्यासाठी केलेली संथ विमानं. पण १९४२ च्या फेब्रुवारीत ‘जंबो’ मजुमदारांच्या स्क्वाड्रनने बर्मात त्यांच्यावर बॉम्ब टांगले आणि जपानी धावपट्टीवर नेऊन टाकले. मुंबईचा त्या युद्धाशी संबंध नव्हता असं कोणी म्हटलं, की मी हेच सांगतो. सांताक्रूझ तेव्हा ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. आणि १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत जे ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं, ते बर्कनहेडहून निघालं तेव्हा त्याच्या मालात दारूगोळ्याबरोबर स्पिटफायरही होती.

उडणाऱ्या विमानांचं गणित वेगळं. आपल्याकडे महायुद्धाच्या काळातलं विमान उडताना बघायचं तर हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटचं, म्हणजे जुनी विमानं उडती ठेवणाऱ्या तुकडीचं, डकोटा हे मालवाहू विमान. हवाई दल दिनाला आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते उडालेलं आहे. इथे नवखे १/२००० सेकंदाचं शटर लावतात आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर, गोठवून टाकतात. फोटोत विमान आकाशात खिळ्याला टांगल्यासारखं दिसतं. हिशोब करून बघा. डकोटाचं इंजिन मिनिटाला सुमारे २,०५० फेरे घेत असेल, तर मधल्या गिअरमुळे पंखा साधारण १,१५० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १९. १/१००० ला पातं जेमतेम ७ अंश सरकतं. १/१२५ ला ५५ अंश. पाती तीन, म्हणजे दोघांमध्ये १२० अंशांचं अंतर. तेव्हा १/६० ला एक पातं जवळजवळ दुसऱ्याच्या जागेवर पोहोचतं आणि पंख्याचं पूर्ण, पारदर्शक वर्तुळ मिळतं. अर्थात १/६० ला ३०० मिलिमीटरची लेन्स हातात स्थिर ठेवणं म्हणजे लोकलच्या दारात उभं राहून सुईत दोरा ओवण्यासारखं. माझे आजही शंभरात चार-पाच येतात. तुम्ही १/१६० पासून सुरू करा आणि हळूहळू खाली उतरा. सरावाला मुंबईत पैसे पडत नाहीत. रस्त्याकडेला सुरक्षित जागी उभे राहा आणि बेस्टच्या बसबरोबर कॅमेरा फिरवा. पाय रोवून फक्त कंबर फिरवायची. बसवरचे आकडे स्पष्ट आणि मागची दुकानं पुसलेली आली, की तुमची तयारी झाली. आणि मिररलेस कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. त्यात पाती केळ्यासारखी वाकडी येतात.

आता त्या डकोटाच्या नंबराकडे वळू, कारण माझं हसं इथेच झालं होतं. त्यावर व्हीपी ९०५ लिहिलंय. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा हा नंबर. पण आजचं विमान ते नव्हे. ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून २०१८ मध्ये भारतात आणलं आणि आदर म्हणून त्याला तो नंबर दिला. हे उघडपणे सांगितलेलं आहे, त्यात कसलीही फसवणूक नाही. मात्र चौकाचौकांत आणि दारांपाशी उभ्या केलेल्या विमानांबाबत असं सांगायला कोणी नसतं. फार वर्षांपूर्वी मी अशा एका विमानाचा फोटो एका दिवाळी अंकाला दिला आणि शेपटीजवळचा नंबर बघून खाली ठोकून दिलं, ‘एकाहत्तरच्या युद्धात लढलेलं हेच ते विमान’. महिन्याभरात एका निवृत्त सार्जंटचं पोस्टकार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर चार ओळींचा. रंगाऱ्याने नंबर दुसऱ्याच विमानाचा लिहिलाय आणि चाकाच्या दाराच्या आतल्या बाजूला खरा नंबर अजून आहे, तो तुम्ही बघितला नाहीत. गेलो, वाकून बघितलं. होता. तेव्हापासून मी कोणत्याही विमानाच्या बाहेरच्या नंबराचा फोटो काढतो आणि मग दारांच्या, झाकणांच्या आत कुठे छापलेले आकडे दिसतात का, ते शोधतो. दोन्ही जुळले तर युद्धाचं नाव घ्यायचं. नाही जुळले तर ‘या जातीचं विमान अमुक युद्धात लढलं’ एवढंच लिहायचं.

आतले आकडे काय करू शकतात, याचं माझं आवडतं उदाहरण पुन्हा हरिकेनचंच. बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात विद्यार्थ्यांना शिकवायला आणलेलं एक हरिकेन वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून होतं. १९८२ मध्ये पीटर व्हॅचर या इंग्रज गृहस्थांच्या ते नजरेला पडलं. नंबर तपासला, तर आर ४११८. हे विमान १९४० मध्ये लंडनच्या आकाशात, क्रॉयडनच्या ६०५ व्या स्क्वाड्रनकडून ४९ वेळा लढाईवर उडालं होतं. ते मिळवायला जवळजवळ वीस वर्षं गेली, आणि डिसेंबर २००४ मध्ये इंग्लंडमध्ये ते पुन्हा उडालं. बनारसला त्याच्या शेजारून हजारो माणसं गेली असतील.

कुठेही कॅमेरा काढण्याआधी परवानगी विचारा. संग्रहालयांचे नियम बदलत असतात, दारावरचा पहारेकरी त्या दिवशी सांगेल तोच नियम. चालू विमानतळ, नौदलाची गोदी, कुलाब्याचा लष्करी भाग इथे लांब लेन्स उंचावूच नका. माझे दोन तास एका चौकीत गेले होते. चहा मिळाला, पण फोटो पुसावे लागले.

आणि जे समोर आहे, ते पुढच्या वर्षीही असेल असं धरून चालू नका. आयएनएस विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा मी तीन वेळा जाऊन आलो. १९७१ च्या ४ डिसेंबरला याच जहाजावरून सीहॉक झेपावली आणि कॉक्स बाजार, चितगावावर तुटून पडली. माझ्याकडे त्या जहाजाचे चाळीसेक फोटो आहेत: सूर्यास्तातली विक्रांत, पावसातली विक्रांत, पुढे कोळ्यांची होडी आणि मागे विक्रांत. डेकवर विमानं बांधून ठेवायच्या कड्यांचा एकही नाही. हँगरच्या भिंतीवर हाताने लिहिलेल्या सूचनांचा एकही नाही. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झालं आणि २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली. ते चाळीस फोटो मी कधीतरी काढून बघतो. त्यातला एकही मोठा करून लावावासा वाटत नाही.

तुमच्या फोटोबद्दल एक काम बाकी आहे. तो मोबाइलवर काढून पाठवलाय, तसा नको. स्टुडिओत किंवा चांगल्या स्कॅनरवर १,२०० डीपीआयला दोन्ही बाजू स्कॅन करा. मागची बाजूही हवी, कारण एका कोपऱ्यात पुसट शिक्का दिसतोय. धडावर शेपटीजवळ विमानाचा नंबर आहे. त्या काळची पद्धत दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकड्यांची. तुमच्या फोटोत शेवटचे दोन आकडे स्वच्छ वाचता येतात, बाकीचे सावलीत आहेत. तिथला उजेड वाढवला तर कदाचित उमटतील. पूर्ण नंबर मिळाला, तर लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनांच्या रोजनिशा आहेत, भारतीय स्क्वाड्रनांच्याही. त्यात फॉर्म ५४१ म्हणून एक तक्ता असतो. फिटरांची नावं त्यात शोधू नका, ती क्वचितच सापडतील. पण विमानाचा नंबर असतो, त्या दिवशी ते कोण घेऊन गेला ते असतं, किती वाजता उडालं ते असतं, आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात किती वाजता उतरलं तेही. काही ओळींत तो रकाना रिकामा असतो.